शिकेकाईने केस धुवायचेत? मग आधी गाळणं शोधा

दर थोड्या दिवसांनी कुणीतरी विचारतंच की तू शाम्पू लावत नाहीस मग नक्की करतेस काय, आणि मी सांगायला लागले की पाचव्या मिनिटाला समोरची म्हणते जाऊदे गं, एवढा वेळ कुणाला आहे. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते, जिला जमेल तिने करा, ज्याला जमेल त्यानेही करा.

आधीच सांगते, शिकेकाईने केस वाढत नाहीत. केस महिन्याला साधारण एक-सव्वा सेंटिमीटर वाढतात, तुम्ही ते कशानेही धुवा. शिकेकाई एवढंच करते की धुताना केसांची ओढाताण कमी होते, ते कोरडे पडून अधेमधे तुटत नाहीत, आणि तुटले नाहीत की आपोआप लांब दिसतात. आमच्याकडे आजीच्या पिढीतल्या सगळ्यांच्याच वेण्या गुडघ्यापर्यंत होत्या असं ऐकत मोठी झाले, फोटोत मात्र माझ्या आजीचा अंबाडा लिंबाएवढाच आहे, तेव्हा त्या गोष्टी तेवढ्याच घ्या.

आणि दुसरं म्हणजे नैसर्गिक आहे म्हणून सौम्यच असेल असं काही नसतं. रिठा झाडाचाच आहे पण नुसत्या रिठ्याने महिनाभर केस धुतलेत तर सुंभासारखे होतील. लिंबू, खायचा सोडा, मुलतानी माती, सगळं निसर्गातलंच की, पण प्रमाण चुकलं की त्याच्यापेक्षा साधा सौम्य शाम्पू बरा.

माझी स्वतःची सुरुवात कशी झाली ते ऐका म्हणजे शीर्षक कळेल. लग्नानंतर पुण्यात आले, सोसायटीत बोअरचं पाणी, चार महिन्यांत केसांचा पार झाडू झाला. मग आईची आठवण आली, दुकानातून शिकेकाई पावडरचं पाकीट आणलं, वाटीत कालवलं आणि उटणं लावल्यासारखं डोक्यावर थापलं. तेही कधी, तर नणंदेच्या साखरपुड्याच्या दिवशी सकाळी! सात-आठ तांबे पाणी ओतलं तरी पावडर निघेना, केस वाळले तसे खांद्यावर तपकिरी भुसा पडायला लागला, आणि मी मोतिया रंगाची साडी नेसलेली. एका मावशींनी अगदी प्रेमाने कोंड्यावरचा उपाय सांगितला. घरी येऊन आईला फोन केला तर ती आधी पोटभर हसली आणि मग म्हणाली, "अगं बाई, गाळलंस का नाही ते? आपण पाणी लावायचो डोक्याला, पीठ नव्हे."

तर तेच. पाणी लावायचं. पावडर कितीही वस्त्रगाळ असली तरी लांब केसांत थेट थापायची नाही, काढा करून गाळूनच घ्यायची. निम्मी तक्रार इथेच संपते.

आता हे काम कसं करतं ते थोडं सांगते, कारण ते कळलं की पुढच्या सगळ्या गोष्टी आपोआप लक्षात राहतात. शिकेकाईच्या शेंगेत आणि रिठ्याच्या सालीत सॅपोनिन नावाचं द्रव्य असतं, पाण्यात घुसळलं की ते फेस धरतं आणि तेल-मळ सोडवतं. फरक एवढाच की हे नेमकंच तेल काढतं, सगळं ओरबाडत नाही. साबणाची वडी अल्कलीधर्मी असते, आणि बोअरच्या पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम तिच्याशी जुळून जी पांढरी मळी बनते (बादलीच्या कडेला दिसते तीच) ती केसांवरही बसते, म्हणून केस धुऊनही चिकट आणि राठ लागतात. शिकेकाईच्या पाण्याची तशी मळी होत नाही. शिवाय ते किंचित आंबट, म्हणजे आम्लधर्मी असतं, डोक्याची कातडीही तशीच असते, साधारण साडेपाच पीएचची, त्यामुळे केसाच्या बाहेरचे खवले फुगून उभे राहत नाहीत, आडवे बसतात, आणि गुंता कमी होतो. शिकेकाई साबण म्हणून ज्या वड्या मिळतात त्या शेवटी साबणच असतात, हिरवा रंग बघून फसू नका.

फेस कमी येतो ही सगळ्यांची पहिली तक्रार. येणारच कमी. आपल्याला इतकी वर्षं जाहिरातींनी फेस म्हणजे स्वच्छता असं शिकवलंय. गंमत म्हणजे शाम्पू हा शब्द आपल्याकडच्या चंपीच्याच घरातला, चांपणे म्हणजे दाबणे, त्यावरून आलाय. पाटण्यात जन्मलेल्या शेख दीन महोमेद यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडात ब्रायटनला जाऊन वाफेची आंघोळ आणि मालिश सुरू केली आणि तो शब्द तिथे गाजवला, तिथून तो बाटलीत बसून आपल्याकडे परत आला.

बरं, सामान. शिकेकाई शक्यतो पावडर नको, अख्ख्या शेंगा घ्या. काष्ठौषधीच्या दुकानात मिळतात, कोकणात नाहीतर घाटमाथ्याच्या गावात कुणी ओळखीचं असेल तर उत्तमच कारण ही काटेरी वेल आपल्या सह्याद्रीच्या जंगलातलीच. शेंग तपकिरी, सुरकुतलेली, हातात घेऊन मोडली तर कट्कन मोडली पाहिजे, वाकली तर ओल आहे, घरी आणून बुरशी धरेल. भोकं पडलेली, आत भुगा झालेली घेऊ नका. रिठा घ्या, सोनेरी-तपकिरी सालीचा, हलवला की आत बी खुळखुळतं. आणि आवळकाठी, म्हणजे वाळवलेले आवळ्याचे तुकडे. एवढं तीन पुरतं. चमचाभर मेथी घातली तर केस मऊ होतात. बाकी नागरमोथा, गव्हला कचरा, वाळा ही उटण्यातली सुगंधी द्रव्यं आणि संत्र्याची साल हे मुख्यतः वासासाठी, घातलं तर छान, नाही घातलं तर काही अडत नाही.

माझे केस कमरेच्या थोडे वर आहेत, त्याला मी आठ-दहा शेंगा, तीन रिठे आणि बचकभर आवळकाठी घेते. केस तेलकट असतील तर रिठा एखादा वाढवा, कोरडे असतील तर एकच घ्या किंवा अजिबात नको आणि मेथी वाढवा. बॉयकट असेल तर तीन शेंगा आणि एक रिठा खूप झाला, माझा नवरा तर माझ्याच उरलेल्या काढ्यावर भागवतो.

रिठा फोडून काळी बी काढून टाकायची, ती कडक असते आणि तिचा उपयोग नाही (आमच्या लहानपणी त्या बियांनी सागरगोट्यांसारखं खेळायचो). शेंगांचे हाताने दोन-तीन तुकडे करायचे. सगळं रात्री लिटरभर पाण्यात भिजत टाकायचं. भांडं स्टीलचं घ्या हं, लोखंडी कढई अजिबात नको. मी एकदा हौसेने लोखंडी कढईत उकळलं तर शाईसारखं काळंकुट्ट झालं, आवळ्यातलं टॅनिन आणि लोखंड एकत्र आलं की तसंच होतं, त्याने नुकसान काही झालं नाही पण पंचा कायमचा करडा झाला. मेंदी भिजवताना आपण हेच मुद्दाम करतो रंग यावा म्हणून, केस धुवायला नको.

सकाळी तेच पाणी मंद गॅसवर ठेवायचं, पंधरा-वीस मिनिटं. इथे उभं राहायचं, मोबाईल बघत बसायचं नाही, कारण रिठ्याचा फेस दुधासारखा उतू येतो आणि शेगडीवर सांडला की पुसता पुसत नाही. पाणी तांबूस-तपकिरी झालं, शेंगा मऊ पडल्या, एक आंबटसर चिंचेसारखा वास सुटला की गॅस बंद. कोमट झालं की हात घालून चांगलं कुस्करायचं, पुरणाची डाळ घोटावी तसं, खरा अर्क या कुस्करण्यातच निघतो. मग गाळायचं. चहाच्या गाळण्याने भागत नाही, तूस खाली उतरतात. जुन्या सुती ओढणीचा नाहीतर धोतराचा तुकडा घ्या, पातेल्यावर बांधा, ओता आणि पुरचुंडी करून पिळा. जे खाली येईल ते पातळ पाण्यासारखं नको, बोटांना थोडं बुळबुळीत लागलं पाहिजे.

आता धुणं. आधी कोरड्या केसांचा गुंता काढायचा, जाड दाताच्या फणीने, खालून वर. ओला केस ताणला की कोरड्यापेक्षा जास्त लांबतो आणि पटकन तुटतो, म्हणून ओल्यात विंचरायचंच नाही. मग केस कोमट पाण्याने पूर्ण भिजवायचे, कढत पाणी नको, बंबातलं वाफाळतं पाणी डोक्यावर घ्यायची सवय असेल तर ती अंगापुरती ठेवा. काढ्यातला निम्मा भाग आधी टाळूवर, म्हणजे भांगा-भांगात ओतायचा, केसांच्या टोकांना लावत बसायची गरज नाही, धुताना खाली ओघळतं तेवढं त्यांना पुरतं. बोटांच्या पेरांनी चोळायचं, नखांनी नाही. दोन-तीन मिनिटं ठेवा, धुवा, उरलेला निम्मा परत तसाच.

डोळे मिटून! हे मोठ्या अक्षरात लिहायला पाहिजे होतं. शिकेकाई-रिठा डोळ्यात गेलं की जे झोंबतं ते अर्धा दिवस विसरता येत नाही, डोळे लाल होतात. मान मागे टाकून किंवा कमरेत वाकून केस पुढे घेऊन धुवा, काहीही करा पण डोळे मिटलेले हवेत. गेलंच तर चोळायचं नाही, साध्या पाण्याचे हबके मारत राहायचं, थांबलं नाही तर डॉक्टरकडे जायचं. लहान मुलांना तर रिठा नकोच, त्यांना नुसती शिकेकाई पातळ करून.

शेवटचं पाणी भरपूर. जेवढा काढा त्याच्या सहा-सातपट साधं पाणी तरी पाहिजे. बोटांमध्ये केसांची बट धरून ओढली की हलका कुचकुच आवाज आला की समजायचं निघालं. मग झटकायचे नाहीत, टॉवेलने खसाखसा पुसायचे तर नाहीतच, जुना सुती पंचा गुंडाळून पाणी टिपू द्यायचं. हे पंच्याचं आईने सांगितलं तेव्हा मी हसले होते, पण जाड टर्किश टॉवेलच्या दोऱ्यांत केस अडकून तुटतात हे नंतर स्वतः पाहिलं.

पहिले दोन-तीन वेळा केस मेणचट वाटतील. त्याला घाबरून सोडू नका. इतके दिवस कंडिशनरमधल्या सिलिकॉनचा थर बसलेला असतो, तो शिकेकाईने लगेच सुटत नाही. सोपा उपाय म्हणजे सुरू करायच्या आधी एकदा साध्या, कंडिशनर नसलेल्या शाम्पूने दोनदा स्वच्छ धुऊन घ्या आणि मग शिकेकाईवर या. आणि रोज नाही हं, आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा.

तेलाचं काय, हा प्रश्न येणारच. खोबरेल तेल उगाच बदनाम आहे आणि उगाच डोक्यावरही चढवलंय. २००३ साली मुंबईतल्या एका तेल कंपनीच्या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफूल आणि मिनरल ऑइल असं तिन्ही केसांवर लावून बघितलं, त्यात धुताना केसातलं प्रथिन निघून जाणं कमी झालं ते फक्त खोबरेलाने, कारण ते केसाच्या आत शिरतं, बाकीचे दोन वरवर राहतात. आता आपल्याच दुकानातल्या मालाची परीक्षा घेतली असं कुणी म्हणेल, पण निष्कर्ष आईच्या अनुभवाशी जुळतो म्हणून मी मानते. तर धुवायच्या आदल्या रात्री किंवा तासभर आधी, केसांना लावायचं, एक-दोन चमचे, बस. पावशेर तेल थापून वेणीतून ओघळायला लागलं तर ते काढायची ताकद शिकेकाईत नाही, मग तुम्ही रिठा वाढवणार आणि केस कोरडे करून घेणार, म्हणजे हातचं घालवून बसायचं.

कोंडा असेल तर मात्र तेल कमीच. कोंड्यामागे मॅलॅसेझिया नावाचं यीस्ट असतं आणि ते टाळूवरच्या तेलावरच जगतं, तेव्हा कोंडा झाला म्हणून तेल चोळणं म्हणजे पाहुण्याला मुक्काम वाढवायचा आग्रह. शिकेकाईने दोन-तीन आठवड्यांत फरक पडला नाही तर मेडिकलमधून डॉक्टरांच्या सल्ल्याने कीटोकोनॅझोलचा शाम्पू आणा, त्यात काही कमीपणा नाही, मीही आणलाय.

ज्यांना दर वेळी शेंगा भिजवून उकळायला वेळ नाही त्यांच्यासाठी दळून ठेवायचं प्रमाण: एक किलो शिकेकाई, पाव किलो बी काढलेला रिठा, पाव किलो आवळकाठी, शंभर ग्रॅम संत्र्याची साल, शंभर ग्रॅम नागरमोथा, पन्नास ग्रॅम मेथी. सगळं दोन-तीन दिवस कडकडीत उन्हात वाळवायचं, एप्रिल-मेमध्येच हे करा, पावसाळ्यात सुचलं तर पुढच्या वर्षी करा. पिठाची गिरणीवाला हे दळून देत नाही, आणि त्याचं बरोबर आहे, पुढच्या माणसाच्या भाकरीला शिकेकाईचा वास कशाला. मसाला कांडपवाल्याकडे जायचं. आमचा कांडपवाला दादा शिकेकाईची पिशवी बघूनच "वहिनी, शेवटी या, सगळ्यांचं झाल्यावर" म्हणतो, कारण एकदा यंत्र सुरू झालं की त्याला, मला, रस्त्यावरून जाणाऱ्याला, समोरच्या टेलरला, सगळ्यांना शिंका. तोंडाला ओढणी घट्ट बांधा, दमा असेल तर दुसऱ्या कुणाला पाठवा. डब्यात कोरडा चमचाच घालायचा, वर्षभर टिकते. वापरताना तीन-चार चमचे पावडर दोन-तीन तांबे पाण्यात पाच-सात मिनिटं उकळून, निवू देऊन, परत तेच, गाळून.

उकळलेला काढा मात्र टिकत नाही, त्यात टिकवायचं काही घातलेलं नसतं. फ्रिजमध्ये तीन दिवस, त्यानंतर आंबूस वास येतो, तो केसांना लावू नका. मी जास्तीचा काढा बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवते, आदल्या रात्री हव्या तेवढ्या वड्या बाहेर काढून ठेवल्या की झालं. फक्त घरच्यांना सांगून ठेवा, आमच्याकडे सासऱ्यांनी एकदा कोकमाचं सरबत समजून ग्लासात टाकल्या होत्या, नशीब पिण्याआधी वास घेतला.

केस फारच कोरडे किंवा कुरळे असतील तर शिकेकाईपेक्षाही सौम्य गोष्ट म्हणजे जास्वंदीची पानं. कोकणात परसात गावठी लाल जास्वंद असतेच, पाच पाकळ्यांची एकेरी. पंधरा-वीस पानं धुऊन तांब्याभर पाण्यात चुरगळत राहायचं, दहा मिनिटांत हिरवा बुळबुळीत चीक तयार होतो, अळशी भिजवल्यासारखा. गाळून (हो, परत गाळून) केसांना लावा, थोडा मळही निघतो आणि गुंताही सुटतो, उन्हाळ्यात एवढ्यावर भागतं. तांदळाचं धुवणही शेवटच्या पाण्याआधी ओतायला चांगलं, फुकटात होतं. कोरफड लावणार असाल तर पान कापल्यावर दहा-पंधरा मिनिटं उभं ठेवून तो पिवळा चीक गळू द्या, खाज त्यानेच सुटते, मग आतला गर घ्या.

नको त्या गोष्टी भराभर सांगते. खायचा सोडा डोक्याला नको, तो अल्कलीधर्मी. लिंबू थेट टाळूवर चोळू नका, फार तर अर्धं लिंबू लिटरभर पाण्यात पिळून शेवटी ओता. "काळी मेंदी" म्हणून जे मिळतं त्यात बऱ्याचदा पीपीडी हे डायचं रसायन असतं, काहींना त्याची जबरदस्त ॲलर्जी येते, खरी मेंदी कधी काळा रंग देत नाही, तांबूसच देते. केस पांढरे असतील तर शिकेकाईने थोडी पिवळट छटा येऊ शकते, रंगवलेले असतील तर रंग लवकर उतरू शकतो, हे आधी माहीत असू द्या. आणि काहीही नवीन लावायच्या आधी कानामागे थेंबभर लावून एक दिवस बघा.

केस गळण्याबद्दल. दिवसाला पन्नास-शंभर केस गळणं नॉर्मल आहे, आणि आठवड्याने धुतलेत तर सगळे अडकलेले एकदम हातात येतात आणि आपण घाबरतो. पण टायफॉइड-डेंग्यूचा ताप, बाळंतपण, हिमोग्लोबिन कमी, थायरॉइड, यात दोन-तीन महिन्यांनी केस मूठमूठ जातात, आणि त्याला डोक्यावरून काहीही ओतलं तरी उपयोग नाही, रक्त तपासा. गोल चकती पडली असेल, म्हणजे चाई, तर थेट स्किनच्या डॉक्टरकडे. २०२५ च्या जानेवारीत बुलढाणा जिल्ह्यात शेगाव तालुक्यातल्या गावांमध्ये लोकांची टक्कलं पडायला लागली होती आठवतंय? सुरुवातीला सगळ्यांनी पाण्यावर नाहीतर शाम्पूवर बोट ठेवलं, आणि पुढे नाव निघालं ते गव्हातल्या जास्तीच्या सेलेनियम या मूलद्रव्याचं. म्हणजे जे डोक्यावर दिसतं ते पोटातून आलेलं असू शकतं.

राहिला चोथा. तो मोरीत टाकू नका, जाळी तुंबते आणि प्लंबर शिकेकाई ओळखत नाही, अनुभव आहे. कुंडीत नाहीतर ओल्या कचऱ्यात जाऊदे. रिठे वेगळे उकळले असतील तर त्यांना दुसऱ्यांदा पाणी घालून उकळा, तेवढ्या पाण्यात चांदीचे पैंजण आणि निरांजन जुन्या ब्रशने घासून निघतात, आणि बादलीभर गार पाण्यात मिसळलं की रेशमी साडीही. ती मोतिया साडी शेवटी तशीच धुतली, भुसा सगळा गेला, मावशींचा कोंड्याचा सल्ला अजून येतो.